वादळाचा सातबारा

मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातला दिवा पहाटे साडेचारला लागतो. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारा योगासनं करत असेल. मी चहाचं आधण ठेवतो, टॅब साखरेच्या डब्याला टेकवून उभा करतो आणि ओक्लाहोमात काय चाललंय ते बघतो. आपल्याकडे पहाटेचे साडेचार म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. दिवसभर तापलेल्या मैदानावर ढग उभे राहायची ती वेळ.

पडद्यावर रडारचा नकाशा असतो. हिरव्यात पिवळा, पिवळ्यात लाल, लालात जांभळा. एखाद्या दिवशी त्या रंगीत डागाला नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात एक आकडी फुटते, विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखी. आकडी दिसली म्हणजे ढग स्वतःभोवती फिरतोय, तिथून टोर्नॅडो उतरू शकतो. मग आकडीभोवती बारीक टिंबं जमू लागतात. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी. प्रत्येक टिंब म्हणजे एक गाडी आणि गाडीत वादळामागे धावणारा माणूस, तिकडच्या भाषेत स्टॉर्म चेसर. काही टिंबांवर बोट ठेवलं की त्या गाडीचा कॅमेराच उघडतो. वायपर, लाल मातीचा रस्ता आणि पिकलेल्या गव्हावर टेकलेला काळा ढग.

हा नाद लागला तो काळजीपोटी. भाची लग्नानंतर डॅलसच्या उत्तरेला राहायला गेली. तिथे टोर्नॅडो येतात हे कुणीतरी माझ्या बहिणीच्या कानावर घातलं आणि तिची झोप उडाली. ‘‘तू बघत जा रे नेटवर,’’ एवढं तिने सांगितलं. मी बघू लागलो. काळजीची सवय झाली, सवयीची आवड झाली आणि आवड कधी हक्क सांगू लागली ते कळलंच नाही. एका पहाटे तीन ढग उभे होते. मी दक्षिणेकडचा धरला होता. सगळी टिंबं उत्तरेला पळत होती. अर्ध्या तासाने माझ्या ढगाने आकडी टाकली आणि तो सगळा लोंढा माघारी वळला. पाणी प्यायला उठलेल्या बायकोला मी म्हणालो, ‘‘आता आले बघ सगळे माझ्या ढगावर!’’

ती म्हणाली, ‘‘तुमच्या? सातबारा आहे का नावावर?’’

ती परत झोपायला गेली. मला मात्र त्या प्रश्नाने धरलं. मग वाचत गेलो तेव्हा ध्यानात आलं, की वादळामागे धावणाऱ्यांच्या जगातली निम्मी भांडणं याच एका नोंदीपाशी येऊन अडतात. वादळ कुणाचं? आधी पोचला त्याचं, आधी ओळखलं त्याचं, आधी चित्र काढलं त्याचं, की आणखी कुणाचं?

*

आपल्याकडे कूळकायद्याच्या काळातली घोषणा होती, कसेल त्याची जमीन. जुन्या चेसरांचा दावा साधारण याच जातीचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

1956 मध्ये नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क गावी एका वादळाने शाळकरी डेव्हिड होडलीला वेड लावलं. साधारण त्याच दशकात मिनेसोटात रॉजर जेन्सन हा दुसरा वेडा ढगांमागे फिरत होता. दोघांनाही गुरू नव्हता, नाव नव्हतं, या धंद्याला शब्दही नव्हता. पुढे होडलीची नोकरी पूर्वेकडे लागली, तरी रजा साठवून तो मैदानी मुलखात उतरत राहिला. हवामान कार्यालयात जायचं, टेलिप्रिंटरवरचे आकडे उतरवून घ्यायचे, हाताने नकाशा काढायचा. दक्षिणेच्या आखातातून येणारी दमट हवा कुठवर पोचली, पश्चिमेच्या वाळवंटी पठारावरची कोरडी हवा तिला कुठे भिडणार, वरच्या थरात वारा कुठे वळतो, हे सगळं पेन्सिलीने जुळवायचं आणि एका गावावर बोट ठेवायचं. मग पाच-सहाशे किलोमीटर गाडी. एकदा निघाल्यावर बातमी कळायची सोय एकच होती, गाडीतला रेडिओ. बातम्यांपेक्षा त्यातली खरखर महत्त्वाची, कारण वीज कडाडली की मध्यम लहरींवर कडकड उठते. खरखर वाढली म्हणजे ढग जवळ आला.

अशा मेहनतीनंतर वळणावर उभ्या राहिलेल्या ढगाला माणूस ‘माझा’ म्हणाला तर चुकलं कुठे? आणि बहुतेक वेळा ढग उभा राहायचाच नाही. निळ्या आभाळाखाली दिवसभर ताटकळून परतायचं, याला ते ‘बस्ट’ म्हणतात. दहातले बरेचसे दिवस बस्टचे. त्या दिवसांचाही हिशेब मालकीत धरायला हवा.

शास्त्रज्ञ नंतर आले. ओक्लाहोमात नील वॉर्डने 1961 मध्ये महामार्ग पोलिसांच्या गाडीतून वादळाचा माग काढला आणि जमिनीवरून दिसतं ते रडारवरच्या चित्राशी ताडून पाहिलं. 1964 मध्ये नॉर्मन गावी राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळा उभी राहिली. 24 मे 1973 ला तिथल्या मंडळींनी युनियन सिटीचा टोर्नॅडो जन्मापासून विरेपर्यंत टिपला. त्याच वेळी डॉप्लर रडार त्याच्याकडे रोखलेलं होतं. पुढे नोंदी उलगडताना टोर्नॅडोची खूण रडारच्या आकड्यांत सापडली. आज सायरन काही मिनिटं आधी वाजतो, त्याच्या मुळाशी तो दिवस आहे. म्हणजे वादळामागे धावणं हा नुसता शौक कधीच नव्हता. शौक आणि कामाच्या मधला बांध मात्र पहिल्यापासून पुसट होता.

1977 मध्ये होडलीने ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचं छोटं नियतकालिक काढलं. त्यात नकाशे, प्रवासवर्णनं आणि त्याची स्वतःची व्यंगचित्रं असत. विखुरलेले वेडे एकमेकांना नावाने ओळखू लागले. ओळख आली तशी रीतभातही आली. 1986 मध्ये संपादन टिम मार्शलकडे गेलं. हा माणूस पेशाने अभियंता. वादळाने मोडलेली घरं तपासायची, छप्पर कोणत्या खिळ्यापाशी सुटलं ते शोधायचं, हे त्याचं काम. वादळामागे धावणाऱ्यांचं मासिक पडक्या घरांचा पंचनामा करणारा माणूस चालवत होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

*

चेसरचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल. सकाळी नकाशे. दुपारपर्यंत ठरवलेल्या गावी पोचायचं. त्या गावात बहुधा एक पेट्रोल पंप, एक धान्याचं उंच कोठार आणि पाण्याची टाकी असते. पंपावर चार-सहा ओळखीच्या गाड्या आधीच लागलेल्या असतात. गारांनी खड्डे पाडलेलं बॉनेट हा इथला मानाचा तुरा, त्यामुळे ते कुणी दुरुस्त करत नाही. वरच्या थरातल्या गरम हवेचं झाकण बसलेलं असतं आणि सगळे ते फुटायची वाट पाहत चिप्स खात असतात. या वेळी दुसऱ्याला ‘आज कुठलं गाव धरलंय?’ असं विचारणं म्हणजे मासे धरणाऱ्याला त्याचा डोह विचारण्यासारखं. विचारायला बंदी नाही, पण समोरचा हसून आभाळाकडे बघतो. नावाजलेल्या माणसाच्या गाडीची शेपूट धरून दिवसभर मागेमागे फिरणाऱ्याबद्दल काय बोललं जात असेल, ते सांगायला नको.

झाकण फुटलं की फुलकोबीसारखा ढग तासाभरात पंधरा किलोमीटर उंच जातो. आता रस्ता महत्त्वाचा. या मुलखातले रस्ते बुद्धिबळाच्या पटावरच्या घरांसारखे आहेत. 1785 च्या कायद्याने जमीन मोजताना पश्चिमेकडचा मुलूख मैलाच्या चौकोनांत कापला गेला आणि चौकोनांच्या कडेने रस्ते पडले. प्रत्येक चौकोन 640 एकरांचा, प्रत्येकाला मालक. वादळ मात्र तिरपं चालतं, बहुधा ईशान्येकडे. तिरपं जाणारं जनावर काटकोनी वाटांनी गाठायचं, हा सगळा खेळ. त्यातले निम्मे रस्ते कच्चे, लाल चिकणमातीचे. पाऊस पडला की गाडी लोण्यावरच्या सुरीसारखी घसरते. ढगाच्या पोटातला फिरता भाग जिथे असतो त्या जागेला चेसर ‘अस्वलाचा पिंजरा’ म्हणतात. आत जाता येतं, बाहेर यायची वाट शोधून ठेवलेली बरी.

चक डॉसवेल हा वादळशास्त्रातला मोठा माणूस, शास्त्राचं शिक्षण घेऊन पाठलागात उतरलेल्या पहिल्या पिढीतला. त्याने या छंदाची संहिता तीन शब्दांत बांधली होती, सुरक्षितता, सौजन्य, जबाबदारी. धोक्यांची उतरंडही त्यानेच लावून दिली. पहिला धोका रस्त्याचा, दुसरा विजेचा, तिसरा टोर्नॅडोचा. नवख्याला हा क्रम उलटा वाटतो.

त्या संहितेतले बारकावे फार घरगुती आहेत. गाडी पूर्ण रस्त्याखाली उतरवून लाव. टेकाडाच्या माथ्यावर थांबू नकोस, मागून येणाऱ्याला तू दिसत नाहीस. आभाळाकडे बघत वीसच्या वेगाने गाडी चालवू नकोस, बघायचं असेल तर थांब. शेतकऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावू नकोस, तो गुरं आत घेण्यासाठी घाईने येत असेल. तारेचं कुंपण ओलांडू नकोस. रात्री कुणी तिवईवर कॅमेरा लावून विजेचं चित्र घेत असेल तर हेडलाइट बंद कर, त्याचं शटर अर्धं मिनिट उघडं असतं. कुणाच्या चौकटीत शिरू नकोस. ढग जमिनीला टेकल्यावर आरडाओरडा करू नकोस, त्याच्या कॅमेऱ्यात तुझाच आवाज जाईल.

यादी नीट पाहिली की ध्यानात येतं, यातला एकही नियम वादळाबद्दल नाही. सगळे नियम वाट, जागा, उजेड आणि आवाज यांबद्दलचे आहेत. वादळाची वाटणी होत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून वाटणी होते ती वादळ बघायच्या जागेची. पंक्तीत जागा धरून बसलेल्याला आपण उठवत नाही, तितकंच हे साधं. आणि तितकंच नाजूकही.

*

पंगत मोडली ती माणसं वाढल्यामुळे.

1996 मध्ये ‘ट्विस्टर’ सिनेमा आला. त्यातला झगडा आठवून पाहा. नायकाने कल्पिलेलं यंत्र पैसेवाल्या प्रतिस्पर्ध्याने उचललं, आता आधी कोण वादळापर्यंत पोचतो? वादळापेक्षा मालकीचाच सिनेमा तो. त्यातल्या यंत्राचा खरा पूर्वज 1980 च्या दशकातला, ‘टोटो’ नावाचं अवजड पिंप. ते टोर्नॅडोच्या वाटेत ठेवायचे प्रयत्न काही मोसम चालले आणि थेट धडक कधी साधली नाही. सिनेमात साधली. मग वादळसहली फोफावल्या. 2007 पासून काही वर्षं दूरचित्रवाणीवर चेसरांची मालिका चालली. चिलखती गाड्या, फिरती रडारं आणि एकमेकांना टोमणे, सगळं घरबसल्या दिसू लागलं.

खरा पालट मात्र खिशातल्या फोनने केला. पूर्वी घरी रडारसमोर बसलेल्या मित्राला रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमधून फोन करून ‘ढग कुठे आहे?’ विचारावं लागायचं. आता आकडी हातात दिसते. पेन्सिलीने नकाशा काढणाऱ्याने वीस वर्षांत कमावलेलं गाव कालच परवाना मिळालेला पोरगा पाच मिनिटांत गाठतो. जुन्याला दुखतं ते इथे. गर्दीचं दुखणं वेगळं, हे दुखणं विद्येचं मोल उतरल्याचं आहे.

या गर्दीला त्यांच्यात ‘कन्व्हर्जन्स’ म्हणतात. मूळ शब्द हवामानशास्त्रातला, वारे एकत्र येऊन भिडण्याचा. आता तो गाड्यांना लागतो. दोन पदरी रस्त्यावर मैलभर रांग लागते. रांगेतला प्रत्येकजण पुढच्याला गर्दी म्हणतो. नवशिक्या, ओरडणाऱ्या, छपरावर पिवळे दिवे लावून मिरवणाऱ्या मंडळींना जुने लोक ‘याहू’ म्हणून हिणवतात. आपण याहू आहोत असं म्हणणारा मात्र कुणी भेटत नाही.

2009 आणि 2010 मध्ये ‘व्होर्टेक्स 2’ हा मोठा संशोधन प्रकल्प मैदानात उतरला. शंभराहून अधिक शास्त्रज्ञ, चाळीसहून अधिक वाहनं. 5 जून 2009 ला वायोमिंगमधल्या गोशेन परगण्यात त्यांना असा टोर्नॅडो सापडला, की त्याच्याइतक्या बाजूंनी मोजलेला दुसरा तोवर नव्हता. पण वाटेत शौकिनांची गर्दी यंत्रं अडवते अशी संशोधकांची कुरकूर सुरू झाली. शौकीन म्हणाले, रस्ता सार्वजनिक आहे आणि गर्दीत तुमचाच ताफा सगळ्यात लांब आहे. दोघांचंही खरं होतं. सरकारी रडारची माहिती अमेरिकेत सगळ्यांना खुली आहे, रस्ता खुला आहे, आभाळ तर आहेच आहे. खुल्या गोष्टीवर हक्क सांगायचा असेल तर माणूस हेतूचा आधार घेतो. ‘मी विज्ञानासाठी आलोय.’ ‘मी इशारा द्यायला आलोय.’ ‘मी चाळीस वर्षं येतोय.’ हे सगळे दस्तऐवज खरे आहेत, फक्त कोणत्याही कचेरीत ते चालत नाहीत.

अलीकडे ओक्लाहोमाच्या विधिमंडळात व्यावसायिक चेसरांना परवाने देण्याचे प्रस्ताव आले. परवानाधारकाला बंद रस्त्यावर जाता यावं, असा त्यांचा रोख. त्यावर चेसरांतच दोन तट पडले. खरा चेसर कोण हे ठरवणारा शिक्का कुणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न पुन्हा सातबाऱ्याचाच.

*

चित्राची मालकी मात्र कायद्यात बसते. घेतलं त्याचं. दूरचित्रवाहिन्या त्यासाठी पैसे मोजतात, ओक्लाहोमा सिटीच्या वाहिन्या तर स्वतःचे चेसर आणि हेलिकॉप्टर बाळगतात. त्यामुळे चोरीही होते. कुणाचं तरी वर्षाकाठचं एकमेव चांगलं चित्र कोपऱ्यातलं नाव कापून दुसऱ्याच्या पानावर झळकतं. पेट्रोल, मोटेल आणि फुटलेल्या काचा यांचा खर्च ज्याचा, त्याला यात लुटल्यासारखं वाटणं साहजिक आहे.

पण चित्र विकलं म्हणून त्याच्याशी असलेला संबंध संपतो का? 26 एप्रिल 1991 ला कॅन्ससच्या महामार्गावर एक वृत्तचमू आणि काही प्रवासी टोर्नॅडो येताना पाहून पुलाच्या कमानीखाली शिरले. कॅमेरा चालू होता. सगळे वाचले. ती फीत इतकी गाजली, इतक्यांदा दाखवली गेली, की पुलाखाली शिरलं की जीव वाचतो असा समज घट्ट झाला. प्रत्यक्षात पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी चेपून वेगाने घुसतो आणि पत्रे-लाकडं गोळ्यांसारखी आणतो. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात तीन वेगवेगळ्या पुलांखाली आसरा घेतलेल्यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक जीव गेला. चित्र घेणाऱ्यांचा यात दोष नव्हता, ते स्वतःच घाबरून पळत होते. तरी चित्र घेणाऱ्याचं असतं आणि परिणाम बघणाऱ्याचा, हे त्या फितीने दाखवून दिलं.

*

टिम सॅमरस हा या जगातला सर्वांनी मानलेला माणूस. औपचारिक पदवी नाही, हाताने यंत्रं बनवणारा. त्याने जमिनीला चिकटून राहणारं, शंकूसारखं यंत्र केलं होतं. चेसर त्याला कासव म्हणत. 24 जून 2003 ला साउथ डकोटातल्या मँचेस्टर वस्तीजवळ त्याने एक कासव टोर्नॅडोच्या वाटेत ठेवलं आणि पळ काढला. टोर्नॅडो बरोबर वरून गेला. हवेचा दाब 100 मिलिबारने कोसळल्याची नोंद मिळाली. जगाला एक आकडा मिळाला. मँचेस्टर वस्ती मात्र त्याच संध्याकाळी पुसली गेली, ती पुन्हा वसली नाही.

1998 मध्ये डेन्व्हरला चेसरांचा वार्षिक मेळावा सुरू करणाऱ्यांतही तो होता. सावध म्हणून त्याची ख्याती होती. 31 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ तो, त्याचा 24 वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग एका लहानशा पांढऱ्या मोटारीत होते. टोर्नॅडो पावसात गुरफटलेला होता. तो पसरत 4.2 किलोमीटर रुंद झाला, आजवर नोंदलेल्यांत सगळ्यात रुंद. वळला, वेग वाढवला. आत काय आहे ते बाहेरून दिसत नव्हतं. त्या संध्याकाळी घर सोडून पळणारे शहरवासी आणि चेसर यांच्या गाड्यांनी रस्ते भरले होते. तिघेही गेले. टोर्नॅडोने चेसरांचा बळी घेतल्याची ही पहिली नोंद.

त्यानंतर जे घडलं ते मी पुढे कितीतरी वेळा शोधून पाहिलं. देशभरच्या चेसरांनी आपापल्या जागादर्शक टिंबांचा नकाशा वापरला. प्रत्येकाने आपलं टिंब ठरलेल्या जागी नेऊन ठेवलं आणि मैदानी राज्यांच्या नकाशावर त्या तिघांची आद्याक्षरं उमटली. 2017 मध्ये ‘ट्विस्टर’चा नायक बिल पॅक्स्टन गेला तेव्हाही, सिनेमात दाखवलेल्या वाकिता गावाभोवती त्याची अक्षरं अशीच उभी राहिली. हीच टिंबं, जी एरवी ‘मी आधी’ म्हणत आकडीभोवती ढकलाढकली करतात. त्या दिवशी प्रत्येकाला नेमून दिलेली जागा होती आणि कुणी दुसऱ्याची बळकावली नाही. नकाशात कुठेही ढग नव्हता.

डॉसवेलची उतरंडही खरी ठरत गेली. मार्च 2017 मध्ये टेक्सासमधल्या स्पर गावाजवळ चेसरांच्या दोन गाड्यांची चौकात धडक झाली, तीन माणसं गेली. थांबण्याची पाटी ओलांडून एक गाडी पुढे गेली होती. एप्रिल 2022 अखेर ओक्लाहोमा विद्यापीठात हवामानशास्त्र शिकणारे तीन विद्यार्थी कॅन्ससमधलं वादळ पाहून परतताना ओल्या महामार्गावरच्या अपघातात गेले. टोर्नॅडो त्यांच्या आसपासही नव्हता. घाई, थकवा, पाऊस, ट्रक. आपल्याकडच्या कुठल्याही घाटात हीच कारणं लिहिली जातात.

*

आता या प्रकरणातली माझी आवडती तांत्रिक बाब. टोर्नॅडोची प्रत ठरते कशी? वाऱ्याच्या वेगावरून, असं आपण धरून चालतो. पण टोर्नॅडोपाशी वेगमापक टिकत नाही आणि दर ठिकाणी रडार जवळ नसतं. म्हणून 1971 मध्ये टेत्सुया फुजिता या जपानी-अमेरिकन शास्त्रज्ञाने मोडतोडीवरून प्रत लावायची पट्टी केली. 2007 पासून तिची सुधारित आवृत्ती चालते. त्यात घर, शाळा, कोठार, खांब, झाडं असे 28 साक्षीदार आहेत. काय मोडलं आणि किती, यावरून शून्य ते पाच.

एल रेनोच्या टोर्नॅडोत फिरत्या रडारने ताशी सुमारे 470 किलोमीटरचा वारा मोजला होता. तरी त्याची अधिकृत प्रत तीनच राहिली, कारण तो बहुतेक मोकळ्या रानातून गेला. साक्ष द्यायला घरं नव्हती. या नव्या पट्टीवर पाचाची पहिली नोंद झाली ती कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गची. 4 मे 2007 च्या रात्री दीडेक हजार वस्तीचं ते गाव जवळजवळ सगळं, शंभरातले पंचाण्णव भाग, गेलं. 11 माणसं गेली. अंधारात विजेच्या लखलखाटात तो राक्षस पाहून कळवणाऱ्यांत चेसर होते. पाठलाग सोडून ढिगाऱ्यातून माणसं काढायला धावले त्यांतही होते. पण वादळाला नाव मिळालं गावाचं. कुठल्याही टोर्नॅडोला पाठलाग करणाऱ्याचं नाव मिळत नाही. मूर, जॉप्लिन, ग्रीन्सबर्ग. नाव त्याचं, ज्याला तिथून हलता आलं नाही.

चेसर आपसात टोर्नॅडोला रूपावरून ओळखतात, दोर, धुराडं, पाचर. दोर दिसला की दाद देतात. पाचर दिसली की श्वास रोखतात, कारण पाचर रुंद असते. रानात असेपर्यंत सौंदर्य असतं. कोठार दिसलं, पाण्याची टाकी दिसली, की गाडीतला आरडाओरडा थांबावा, हा न लिहिलेला नियम आहे. जुन्या माणसांना सगळ्यात जास्त राग येतो तो हा नियम मोडणाऱ्याचा. चौकटीत शिरलेल्याला ते संध्याकाळपर्यंत माफ करतात, ढिगाऱ्यासमोर ‘वू-हू’ करणाऱ्याला वर्षानुवर्षं नाही.

*

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली पहाट. डॅलसच्या पश्चिमेला एकटाच ढग उभा होता. बाकी आभाळ मोकळं, त्यामुळे ओल त्याच्या एकट्याच्या वाट्याला. मी त्याला जन्मल्यापासून पाहत होतो. जांभळा रंग आला, जांभळ्याच्या आत पांढरट. म्हणजे मोठ्या गारा. मी चहा ओतायचा विसरलो. टिंबं जमली होती, आकडी आकार घेत होती. मी मोठ्याने ‘वा!’ म्हटलं.

फोन थरथरला. भाचीचा निरोप होता. ‘मामा, सायरन वाजतोय. क्लोजेटमध्ये बसलोय.’

त्या भागातल्या घरांना तळघर क्वचितच असतं, जमीन फुगणारी चिकणमाती आहे. मग घराच्या पोटातली, खिडकी नसलेली खोली धरायची. खालोखाल एक फोटो आला. लटकत्या कपड्यांच्या खाली सहा वर्षांचा मुलगा, डोक्याला सायकलचं हेल्मेट, मांडीवर टॉर्च. मी टॅबकडे पाहिलं. जांभळा ठिपका तिच्या गावावर सरकत होता आणि टिंबं त्याच्या मागोमाग तिच्याच गल्ल्यांकडे. अर्ध्या मिनिटापूर्वी मी ज्याला ‘वा’ म्हटलं होतं, ते तिच्या छपरावर होतं.

बहिणीला फोन लावावा की नाही ते कळेना. बायको उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने काही विचारलं नाही. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. अकरा मिनिटं.

टोर्नॅडो उतरला नाही. आकडी विरली, ढग पूर्वेकडे गेला, टिंबं त्याच्याबरोबर गेली. रस्ता मोकळा झाल्यावर टिंबं गेली तशी भाचीला जाता येणार नव्हतं. छपराचे थर उखडले होते, अंगणातल्या गाडीची मागची काच गेली होती. विमा, कंत्राटदार, ताडपत्री, पुढचे दोन महिने तिचे त्यातच जाणार होते.

दुपारी, म्हणजे तिची मध्यरात्र उलटल्यावर, आणखी एक फोटो आला. मुलाने अंगणातून एक गार उचलून आणली होती, लिंबापेक्षा मोठी, काटेरी. ती झिपच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती, मटारच्या पुडीशेजारी. पिशवीवर मार्करने मोठ्या, वाकड्या अक्षरांत त्याने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

मी फोटो बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाली, ‘‘झाली नोंद.’’